छोट्या लाईनीने लेकीच्या गावाला

माझ्या गोठ्याचे चारही खांब छोट्या लाईनीच्या स्लीपरचे आहेत. त्यांना वाळवी लागत नाही, पाणी लागत नाही. बैल अंग घासून घासून म्हातारे झाले, पण खांब जागचे हलले नाहीत. हे आधी सांगून ठेवतो. कारण या लाईनीबद्दल मी तोंड उघडलं की माझ्या घरचे लोक हसतात, आणि हसतात ते याच गोठ्यात, याच खांबांना टेकून.

छोटी लाईन म्हणजे तुमची मोठी रेल्वे नव्हे. आमच्या आंबागडाकडच्या रानातलं लाकूड आणि पलीकडच्या खाणीतला मँगनीजचा काळा दगड वाहून न्यायला साहेबाच्या काळात अरुंद रूळ टाकले होते. खेळण्यातल्यासारखं इंजन आणि मागे लोखंडी डबे. माझा बाप तिच्यावर गँगमध्ये होता, म्हणजे रूळ ठोकायचा, गिट्टी भरायचा. लहानपणी तो मला खांद्यावर घेऊन लाईनीलाईनीने चालायचा. पुढं मोठी लढाई झाली. तिच्या काळात रूळ उपटून नेले, इंजन गेलं, आणि मागे राहिला नुसता मातीचा भराव. आमच्या गावामागून निघून तो धानाच्या बांध्यांतून, म्हणजे शेतांतून, रानातून, तलावावरून नाकाडोंगरीकडे जायचा. जायचा म्हणजे जायचा. शाळेत मी दुसरीच्या पुढे गेलो नाही, पण ज्या लाईनीवर माझा बाप राबला ती लाईन मला कोणी शिकवू नये.

आणीबाणी लागायच्या आधीचा हिवाळा होता. आमच्या धानाची चुरणी, म्हणजे मळणी, झाली होती आणि आमची थोरली लेक लग्नाची होती. नाकाडोंगरीच्या अलीकडे, जंगलाला लागून असलेल्या एका गावातलं स्थळ आलं. मी एसटीने जाऊन पाहून आलो. पाण्याखालची, म्हणजे ओलिताची बांधी, घरात दोन म्हशी, पोरगा कामाचा, बाप बोलका. मला आवडलं आणि मी तिथंच सुपारी फोडून आलो. आमच्यात सुपारी फुटली म्हणजे शब्द गेला. बायकोला घरी येऊन सांगायचं होतं, ते मी सांगितलंच.

ती चुलीपुढे होती. तिने वर न पाहता विचारलं, "मी पोरीले पाहाले कवा जाऊ?"

आता या प्रश्नाचा अर्थ आमच्याकडच्या माणसाला लगेच कळतो, बाकीच्यांना सांगावा लागतो. लेक दिली की तिची कूस उजवेपर्यंत आईबाप तिच्या घरचं अन्न खात नाहीत. मूल झालं की मग खातात. मधल्या काळात आईला लेक पाहायची असली तर तिने सकाळी घरून शिदोरी बांधून निघायचं, लेकीजवळ बसायचं, आपली भाकर आपण खायची आणि दिवस मावळायच्या आत घरी यायचं. गाव तेवढं जवळ असेल तर ठीक. नसेल तर आई घरी बसून राहते. आणि त्या गावाला एसटीने जायचं म्हणजे आधी सडकेपर्यंत पायी, मग तुमसर, तिथं दुसऱ्या गाडीची वाट पाहणं, ती आली तर तिच्यातून उतरून पुन्हा पायी. दिवस जाण्यातच जातो. मुक्काम आला, आणि मुक्काम आला म्हणजे जेवण आलं.

"दिवाळीले येईनच ना ती," मी म्हणालो.

"दिवाळी वर्षाची एक. मधात तिचं दुखलं-खुपलं तं मले कोन सांगन? एसटीचा कंडक्टर?"

"एसटी कायले पाह्यजे? लाईनीनं जा. सकाळी निंगालं तं दुपारी तिथं, संध्याकाळी घरी."

"कोनती लाईन?"

"छोटी लाईन."

तेव्हा तिने वर पाहिलं. "तिच्यावर पळस उगोले जी. लाईन आहे कुठी?"

"आहे."

"मंग दाखवा. मी येतो तुमच्यासंग. दिवस बुडायच्या आत मी आपल्या पायानं जाऊन घरी आलो तं पोरगी देईन. नाई तं आपली सुपारी आपन परत घेऊन या."

सुपारी परत घेणं म्हणजे काय ते तिला चांगलं ठाऊक होतं. चार लोकांत दिलेला शब्द मी माझ्या तोंडाने गिळायचा. आजवर मी तसं केलं नव्हतं. मी म्हणालो, उद्याच चल.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही निघालो तर दारात माझा साळा उभा. हा बायकोचा धाकटा भाऊ, आमच्याच गावात राहणारा. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. "बाईच्या बाजूचा साक्षीदार पाह्यजे ना भाऊजी," तो म्हणाला. बायकोने त्याच्या हातात शिदोरी दिली. तांदळाच्या रोट्या आणि लाखोरीच्या डाळीचे वडे. मी तेव्हाच म्हणालो होतो, शिदोरी याच्याजवळ देऊ नको. माझं ऐकतं कोण.

गावामागे चिंचेपासून भराव सुरू व्हायचा. तिथं मी थांबलो आणि दोघांना दाखवलं, ही पाहा लाईन. सरळ, उंच, कोरडी. दोन्ही बाजूंना धानाच्या कापलेल्या बांध्या आणि मधून ही. मला वाटलं बायको काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "हे तं आपल्या म्हशी चरतात तेच आहे." मी पुढे चालू लागलो.

पहिला त्रास लोकांचा. उंच, कोरडी जागा दिसली की आमच्याकडच्या माणसाला तिच्यावर धान रचायची बुद्धी होते. भरावावर लोकांनी धानाचे पुंजने रचले होते, एकापुढे एक. पुंजना म्हणजे कापलेल्या धानाची रास, घराएवढी. तिला वळसा घालायचा तर खाली बांधीत उतरायचं, चिखलातून जायचं, पुन्हा भरावावर चढायचं. एका पुंजन्यामागून एक माणूस काठी घेऊन निघाला.

"कोन जी? मोजनीवाले का?"

"वाटसरू आहोत," मी म्हणालो. "लाईनीनं जाऊन राहिलो."

"लाईन कोनाची? ही जागा आमच्या आज्यापासून आमची आहे."

"तुझा आजा इथं आला नव्हता तवा माझा बाप इथं गिट्टी भरत होता."

साळा मध्ये पडला. "जाऊ द्या जी. भाऊजीची गाडी लेट होऊन राहिली." त्या माणसाने काठी खाली ठेवली आणि हसला. बायकोच्या बाजूने आलेला हा साक्षीदार दिवसभर असाच बोलला.

दुसरा त्रास पाण्याच्या वाटांचा. भराव पाणी अडवतो म्हणून ज्याला जिथं वाटलं तिथं त्याने तो कापला होता. दहा पावलं चाललं की खड्डा, उतरा, चढा. मोऱ्यांचे घडीव दगड लोकांनी विहिरीला नेलेले. मला राग येत होता तो याचा. माझ्या बापाने आणि त्याच्यासारख्या माणसांनी दोरी धरून सरळ केलेली माती, आणि हिचं काय करून ठेवलं लोकांनी. मी हे बोलून दाखवलं तर बायको म्हणाली, "आपल्या गोठ्याचे खांब कुठचे आहेत जी?" खांब वेगळे. खांब माझ्या बापाने मागून आणले होते.

पुढे नाला आला. त्यावरचा पूल म्हणजे नुसते दगडी खांब उभे, वर काही नाही. खाली उतरलो. पूस महिन्याचं पाणी, हाडात शिरणारं. बायकोने लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि माझ्याआधी पलीकडे गेली. काठावर उभी राहून म्हणाली, "पावसाळ्यात हे कसं होईन?"

"पावसाळ्यात रोवना असते. रोवना सोडून तू लेकीकडे जाशील का?"

ती लुगडं सोडून पुढे चालू लागली. दिवसभरात तेवढा एक मुद्दा माझ्याकडे आला.

नाल्यानंतर रान. तिथं मात्र लाईन लाईनीसारखी होती. टेकाड कापून केलेली खोल वाट, दोन्ही बाजूंना ओल्या दगडाच्या भिंती, वरून बांबू एकमेकांत गुंतलेला. पायाखाली गिट्टी अजून शाबूत. मध्ये मध्ये डब्यांतून सांडलेले मँगनीजचे काळे दगड पडलेले, हातात घेतला तर अंगाच्या मानाने भलता जड. बायकोने एक उचलून पाहिला आणि पदराला बांधला. कायले, विचारलं तर म्हणाली असू द्या. साळ्याला अस्वलाची भीती वाटत होती म्हणून तो मोठमोठ्याने बोलत होता, आणि बोलायला काही सुचलं नाही की इंजनाची शिटी वाजवत होता. ऊन वर आलं तेव्हा आम्ही रानाबाहेर निघालो आणि समोर तलाव दिसला. मी मनात म्हणालो, आता झालंच. तलावापलीकडे थोडं रान, मग गाव.

हा जुन्या मालगुजाराने बांधलेला मोठा तलाव. आमच्याकडे तलावाच्या बांधाला पार म्हणतात. लाईन सरळ जाऊन त्या पारीला मिळायची. माझ्या बापाचं वाक्य मला पाठ होतं, तलाव आला की लाईन पारीवर चढते. पारीच्या तोंडाशी एक ढीवर, म्हणजे मासे धरणारा, डोंगा काठाला ओढून जाळं नीट करत बसला होता.

"इचारून घेऊ ना भाऊजी," साळा म्हणाला.

"कायले? मी गँगवाल्याचा पोरगा आहे."

"तुमी आहा जी. पन हे लाईनीले ठाऊक आहे का?"

मी पारीवर चढलो. ढीवराने रामराम केला, मीही केला. विचारलं नाही. ज्याला वाट ठाऊक असते तो वाट विचारत नाही.

पार रुंद, दोन्ही बाजूंना आंबे आणि मोहाची झाडं, डाव्या हाताला पाणी. थोडं गेल्यावर सलंग आली. तलाव भरला की जास्तीचं पाणी जिथून खाली सोडतात ती दगडांनी बांधलेली जागा म्हणजे सलंग. हिवाळ्यात ती कोरडी होती. बायको तिथं थांबली.

"अजी, काळे दगड इथून खाली पडले आहेत."

"पुराच्या पाण्यानं वाहून गेले असतील. चल."

"पारीवर पुढं एकही नाई दिसत."

"लोकांनी उचलले असतील. तू नाई का उचलला?"

ती खाली पाहत उभी राहिली, मग आमच्यामागे आली. पार वळली. मी म्हणालो लाईनही वळते, सरळ कोण नेईल. पुन्हा वळली. साळा म्हणाला, "इंजनाले चक्कर येत नव्हते का?" पार संपली तिथं बेशरमाच्या झाडांतून एक उंचवटा पुढे जात होता. मी तो धरला. दोन्हीकडे एवढी दाट झाडी की पाणी दिसेना. ऊन डोक्यावर आलं, डोक्यावरून कललं. उंचवटा जरा डावीकडे, मग जरा डावीकडे. पायाखाली चिखल येऊ लागला. मी म्हणत होतो आता रान येईल. झाडी विरळ झाली. समोर डोंगा काठाला ओढलेला आणि एक ढीवर जाळं नीट करत बसलेला.

साळ्याने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "भाऊजी," तो म्हणाला, "या तलावाचा ढीवरही अगदी तसाच दिसते."

ढीवराने हातातलं जाळं बाजूला ठेवलं. "रामराम. झाली का फेरी?"

इथं मी एक सांगतो आणि ते खरं आहे. दुसऱ्या मुलखातला माणूस ही चूक करणार नाही, कारण त्याच्याकडे एवढे तलाव नसतात. आमच्या जिल्ह्यात सपाट शिवारात सरळ, उंच माती दिसली की ती एकतर पार असते, नाहीतर लाईन. माती तीच, रुंदी तीच, उतार तोच. कित्येक ठिकाणी गँगमधली माणसंही तीच, जी उन्हाळ्यात तलावाच्या पारी बांधायची. माझ्या बापाने सांगितलं होतं लाईन पारीवर चढते. उतरते कुठून ते त्याने सांगितलं नव्हतं, आणि तो नाही आता विचारायला.

बायको झाडाखाली बसली. शिदोरी सोडली तर तिच्यात रोट्याच राहिल्या होत्या. वडे साळ्याने चालता चालता संपवले होते. "अस्वलाच्या भीतीनं भूक लागते," तो म्हणाला. आम्ही कोरड्या रोट्या खाल्ल्या. मग बायकोने पदर नीट केला आणि माझ्याकडे न पाहता ढीवराला विचारलं, "दादा, जुनी लाईन कुठून जाते?"

"छोटी लाईन? सलंगीपासून खाली उतरते बाई. थोडीशीच पारीवर आहे. माझा बाप तिथं इंजनवाल्याले मासोळ्या देत होता."

"मंग आमाले पयलेच काहून नाई सांगितलं?" साळा म्हणाला.

"सांगनार होतो. पन हे असे ताठ चालून राहिले होते का मले वाटलं, सरकारचे कोनी आहेत, तलाव मोजाले आले."

बायको उठली. "किती दूर आहे दादा गाव?"

"सलंगीपासून? जवळच आहे. पन आता दिवस तिकडेच बुडन तुमचा."

म्हणजे अट मोडली होती. आज जाऊन परत येणं होणार नव्हतं. मी म्हणालो, घरी परत चला, पुन्हा कधीतरी येऊ. ती म्हणाली, "एवढी आलो तं घर पाहूनच जाईन." आणि सलंगीकडे चालू लागली. पुढे ती, मागे आम्ही. सलंगीच्या दगडांतून खाली उतरल्यावर गवतात लपलेली मोरी होती, आणि तिच्यापुढे काळे दगड पेरत गेलेली सरळ लाईन. मी दगड पाहत चाललो. बायकोने मागे वळूनही पाहिलं नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं. साळ्याने तेवढी शिटी वाजवली.

गाव आलं ते आधी ऐकू आलं. देवळापुढे रुळाचा एक तुकडा टांगलेला होता आणि संध्याकाळच्या भजनासाठी तो कोणीतरी ठोकत होतं. माझ्या बापाच्या लाईनीचा तेवढाच तुकडा मी पुन्हा पाहिला. पाहायला उभं राहण्याची फुरसत नव्हती. दिवस बुडाला होता.

व्याही सपरीत बसले होते. सपरी म्हणजे ओसरी. आम्हाला पाहून उठले, मागे विहीणबाईंना पाहून त्यांना काय करावं कळेना. पोरीची आई असं बिनबोलावता घर पाहायला येत नाही.

"विहीनबाई पायी आल्या? एसटी बंद आहे का जी?"

"एसटी सुरू आहे," साळा म्हणाला. "भाऊजी सुरू झाले म्हनून पायी आलो."

मला पाय धुवायला पाणी दिलं, बसायला घोंगडी दिली, आणि मी बसून राहिलो. आता बोलायचं काय? हा माणूस माझ्याशी धानाच्या भावाबद्दल बोलत होता आणि मी मनात शब्द जुळवत होतो, की सुपारी परत घ्या, माझी बायको पोरगी देत नाही. कारण विचारलं तर काय सांगू? की तलावाभोवती फिरलो? आत बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता. बायकोने म्हशी पाहिल्या, विहीर पाहिली, पोराला काहीतरी विचारलं, हे मला कानाने कळत होतं. ती काय ठरवते आहे ते कळत नव्हतं. आणि पोटात कोरड्या रोटीशिवाय काही नव्हतं.

ताटं आली. गरम भात, वर वांगं आणि मासोळीचा रस्सा. साळ्याने घास घेतला. मी भात कालवला. सांगायचंच आहे तर जेवून सांगू, असं मी ठरवलं होतं. तेवढ्यात आतून विहिणीने आवाज दिला, "अजी, या जेवून नाई राहिल्या."

व्याही दारापर्यंत गेले. "काहून विहीनबाई? काही चुकलं का आमचं?"

मला राग आला. पोरगी द्यायची नाही तर नको देऊ, पण लोकांच्या दारात बसून त्यांचं ताट सारायचं हे काय? मी इथूनच म्हणालो, "जेव ना वो. दिवसभर उपाशी आहेस."

आतून तिचा आवाज आला, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. "लेकीच्या घरचं अन्न मी कसं खाऊ?"

व्याही हसले, माझ्याकडे पाहून हात जोडले. ती त्या घरात पोटभर जेवली असती तर ते घर परक्याचं राहिलं असतं आणि सोयरीक तिथंच संपली असती. ती जेवली नाही, म्हणजे तिने पोरगी दिली.

मला आनंद व्हायला हवा होता. पण मला वाटलं आधी विचारावं. "दिवस तं बुडाला होता," मी म्हणालो. हे बोललो नसतो तर चाललं असतं.

"तलावाची फेरी तुमची होती जी, लाईनीची नाई," ती आतून म्हणाली. "तेवढी सोडली तं दुपारीच पोचलो असतो. पोरगी जवळच आहे."

व्याह्यांनी विचारलं, कोणती फेरी? साळ्याने सांगितलं. सगळं सांगितलं, ढीवराच्या रामरामासकट. सांगता सांगता त्याचा हात ताटाकडे जात होता तो बायकोने दारातून पाहिला. "तू पोरीचा मामा आहेस," ती म्हणाली. त्याने हात मागे घेतला. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी कालवलेला भात तसाच ठेवून उठलो. मीच सुपारी फोडली होती, मीच दिवसभर चालवलं होतं, आणि गरम रश्श्याचं ताट पुढे असताना मीच हात धुतले. माझ्या आयुष्यात एवढा खरा ठरून एवढा उपाशी मी कधी राहिलो नाही.

व्याही माणूस समजदार. त्यांनी शेजारच्या घरी आमची पानं मांडायला लावली. शेजाऱ्याकडे खायला हरकत नसते. थोड्या वेळाने बोलावणं आलं, आम्ही तिघे जाऊन बसलो. भात आला, वांगं-मासोळीचा रस्सा आला. पहिल्या वासालाच मी ओळखलं, हा तोच रस्सा. मागच्या दाराने भांडं आलं होतं. बायकोने शेजारणीला विचारलं, "बाई, हा सैपाक तुमचाच ना?" शेजारीण म्हणाली, आमचाच. बायको जेवली. मी काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर दुसऱ्यांदा हात धुवावे लागले असते.

सकाळी परत निघालो. सलंगीला येऊन बायको थांबली आणि मला पुढे जाऊ दिलं. ढीवर पारीच्या तोंडाशी तसाच होता. त्याने फक्त हात वर केला. ऊन डोक्यावर यायच्या आत आम्ही घरी होतो. मी म्हणालो, पाहिलंस? ती म्हणाली, पाहिलं. आणि तो काळा दगड पदरातून सोडून तिने चुलीजवळ ठेवला.

लग्न झालं त्या उन्हाळ्यात. पुढची वर्षं ती त्या लाईनीने लेकीकडे जात राहिली, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी, शिदोरी बांधून. कधी एकटी, कधी दोघी-तिघी बायका मिळून, ज्यांच्या लेकी तिकडच्या गावांत होत्या. गावात लोक म्हणू लागले, तिने वाट काढली. काढली म्हणजे? वाट तिथं होतीच. मी सांगितली होतीच. त्याच लोकांनी पुढे ऐंशीच्या सालांत सडक करायला त्याच भरावाचा मुरूम खणून नेला आणि एसटी सरळ त्या गावाला जाऊ लागली. आता त्या जागी लाईन होती हे सांगायलाही मीच उरलो आहे, आणि मी सांगितलं की लोक तलावाची गोष्ट विचारतात.

लेकीला मूल उशिरा झालं. तेवढी सगळी वर्षं बायकोने त्या घरचा घास घेतला नाही. नातू झाला, बारसं झालं, तेव्हा आम्ही दोघे पहिल्यांदा व्याह्यांच्या घरी जेवायला बसलो. विहिणीने स्वतः वाढलं. भात, वर वांगं आणि मासोळीचा रस्सा. बायकोने पहिला घास घेतला, सावकाश चावला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तवाचीच चव आहे," ती म्हणाली.